जागच्या जागी लागणारी गाडी

आमच्या घरात साखरपुडा असो, बारसं असो, नाहीतर कुणाची साठीशांत असो, जेवणं उरकून मंडळी सुपारीवर आली की धाकटे भाऊजी घसा खाकरतात आणि म्हणतात, "मी २०१५ सालात जाऊन आलोय."

आता यात काही विशेष वाटणार नाही. २०१५ सालात आपण सगळेच गेलो होतो, चांगलं वर्षभर राहून आलो. पण भाऊजी गेले ते १९९७ साली. कंपनीनं त्यांना ट्रेनिंगसाठी अमेरिकेला धाडलं होतं आणि एका रविवारी ते हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत 'बॅक टू द फ्यूचर'च्या राइडमध्ये बसले. त्याच नावाच्या सिनेमांवर बेतलेली ही राइड फ्लोरिडात १९९१ला आणि हॉलिवूडला १९९३ला सुरू झाली. आठ माणसांची डेलोरियन गाडी आणि डोक्यावरून मागे वळणारा देवळाच्या घुमटाएवढा पडदा. बिफ नावाचा एक उडाणटप्पू काळयंत्र पळवतो आणि आपण त्याच्या पाठलागावर: आधी २०१५ सालातलं गाव, मग हिमयुग, मग थेट डायनासोरचा जबडा. पडद्यावरचा सिनेमा केला होता डग्लस ट्रम्बुल यांनी, '२००१: अ स्पेस ओडिसी'तली अंतराळदृश्यं उभी करणाऱ्यांपैकी एक. हे सगळं भाऊजींना मुखोद्गत आहे. गाडी फक्त काही फूट वर उचलली जायची आणि तिथल्या तिथे डुलायची, एवढं मात्र ते सांगत नाहीत.

"वहिनी, डायनासोरनं गिळलं मला. अख्खा घशात गेलो होतो!"

"आणि मग यांच्या घशातून काय बाहेर आलं, तेही सांगा की," धाकटी जाऊ पानाला चुना लावत म्हणते. "तो शर्ट पिशवीत बांधून यांनी मायदेशी आणला होता. धुवायला."

भाऊजी हे ऐकू न आल्यासारखं करतात. भविष्य पाहून आलेल्या माणसाला वर्तमानातलं सगळंच ऐकू यावं अशी सक्ती नाही. परतल्यावर तर ते भविष्याचे जाणकारच झाले. आम्ही ठाण्यात फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं, "दादा, पार्किंगचे पैसे भरू नकोस. २०१५पर्यंत गाड्या उडायला लागतात. मी बघून आलोय." ह्यांनी खरंच पार्किंग घेतलं नाही. यथावकाश २०१५ उजाडलं. तेव्हापासून हे रोज रात्री जागा शोधत सोसायटीला प्रदक्षिणा घालतात आणि भाऊजी घोडबंदर रोडवर जमिनीला चिकटून उभे असतात.

राइड तोवर अमेरिकेतून उठलीसुद्धा होती. २००७ सालात फ्लोरिडा आणि हॉलिवूड, दोन्हीकडे तिचा बाजार आटोपला. जपानी माणूस मात्र चिकाटीचा. ओसाकाच्या युनिव्हर्सलमध्ये ती ३१ मे २०१६पर्यंत चालली. म्हणजे शेवटचे पाच महिने माणसं २०१६ सालात रांग लावून, तिकीट काढून, २०१५च्या भविष्यकाळात जात होती. इतकं शिळं झालेलं भविष्य कुणी इतक्या आदरानं वाढलं नसेल.

आता थोडं माझ्याविषयी. मला गाडी लागते. खंबाटकी लागतो, वरंधा लागतो, कोकणकन्येत वरचा बर्थ लागतो. लेकीच्या अंगणातला झोपाळासुद्धा लागतो. माझ्या पर्समध्ये एखाद वेळी पैसे नसतील, पण आलेपाक, लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी नाही असं होत नाही. सरकारनं प्लास्टिकबंदी आणली तेव्हा मी एकटीच खऱ्या अर्थानं हवालदिल झाले होते.

आमच्या डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं, "कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं. डोळे म्हणतात हललो आणि कान म्हणतात नाही हललो, अशी दोघांची साक्ष जुळेनाशी झाली की मेंदू बिथरतो."

"बिथरतो मेंदू, मग शिक्षा पोटाला का?"

"मेंदूला वाटतं, विषबाधाच झाली. निदान तसा एक तर्क आहे. म्हणून तो पोट रिकामं करायला सांगतो."

मेंदूच्या या समजूतदारपणाबद्दल मी काय बोलावं? सांगायचं एवढंच, की जी गाडी हलते ती लागणं समजू शकतं. सिम्युलेटर म्हणजे जी जागची हलत नाही आणि तरी लागते, अशी गाडी. आणि माणसं ती पैसे मोजून लावून घेतात.

माझी या प्रकाराशी पहिली गाठ पडली ती इथेच, आमच्याकडच्या एका मॉलमध्ये. तिसऱ्या मजल्यावर, खाण्याच्या दुकानांच्या अगदी तोंडाशी, असा एक डबा बसवला होता. ही जागा कुणी सुचवली त्याचा सत्कार व्हायला हवा. आत सहा खुर्च्या आणि वर पाटी, 'नाइन डी'. तीन मिती मला ठाऊक आहेत, चौथी आइनस्टाइनची. उरलेल्या पाचांत पाण्याचा फवारा, पंखा, पोटरीला गुदगुल्या करणारी नळी, धूर आणि जीएसटी असावा.

आम्ही भिशीतल्या बायका आत बसलो. पट्टे आवळले. पडद्यावर रोलर कोस्टर चढू लागला, खुर्च्या मागे कलल्या, आणि ऐन शिखरावर चित्र थिजलं. खुर्च्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. त्या आपल्या ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे कोसळत राहिल्या.

"अरे, चित्र बंद पडलंय!" मी ओरडले.

"काकू, तुम्ही फील घ्या, चित्र येईल," बाहेरून पोरगा म्हणाला. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

चित्र आलं, पण ते भुताच्या बंगल्याचं. खुर्च्या अजून रोलर कोस्टरच्याच होत्या. पांढऱ्या साडीतलं ते भूत बिचारं सावकाश, पाऊल न वाजवता आमच्याकडे येत होतं आणि आम्ही सहाजणी त्याच्यापुढे थयथयाट करत होतो. जवळ येता येता ते मला जरा बिचकल्यासारखं वाटलं. पोटरीला नळीनं गुदगुल्या केल्या तेव्हा आमच्यातली एक जण किंचाळून म्हणाली, "उंदीर!" आणि त्यापुढचा कार्यक्रम पट्टे सोडून पळण्याचा झाला.

पैसे परत मागितले तर पोरगा शांतपणे म्हणाला, "काकू, एका तिकिटात दोन पिक्चर दाखवलेत."

पुढे तो डबा तिथून उठला. आता त्या जागी मसाजच्या खुर्च्या आहेत. पैसे भरा, खुर्ची हलते. पडदा नाही, भूत नाही, फवारा नाही. उत्क्रांती म्हणतात ती हीच असावी.

तर अशी सगळी तयारी झाल्यावर मी हॉलिवूडला गेले. लेक लॉस एंजेलिसजवळ राहते. जावयानं युनिव्हर्सलची तिकिटं काढली आणि ह्यांनी ती रुपयांत गुणली. गुणाकार झाल्यावर हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मग तिकिटात जे जे आहे ते सगळं बघायचं." हे सोसायटीचे बारा वर्षं सेक्रेटरी होते. फुकटची लिफ्टसुद्धा ते दोन मजले जास्त वापरतात. स्टुडिओ डोंगरावर आहे. वरचा भाग, खालचा भाग आणि मध्ये डोंगरउताराला लागलेले लांबच लांब सरकते जिने. ह्यांनी पहिल्या तासात त्या जिन्यांचेच पैसे वसूल केले.

भाऊजींची डेलोरियन जिथे डुलायची, तिथे आता 'द सिम्प्सन्स राइड' आहे. मे २००८मध्ये सुरू झालेली. एका अवाढव्य विदूषकाच्या उघड्या तोंडातून आत जायचं. दाराशी सूचनांचा फलक होता. मानेचं दुखणं, पाठीचं दुखणं, हृदयविकार, गरोदरपण, गाडी लागणं. ह्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "यातलं गरोदरपण सोडलं तर तुला सगळं लागू आहे."

"मग मी बाहेर थांबते."

"वा! तिकिटाचे पैसे?"

शेजारीच स्प्रिंगफील्ड नावाचं, सिम्प्सन्स कुटुंबाच्या कार्टूनमधलं गाव उभं केलंय. तिथे ताटाएवढा गुलाबी डोनट मिळतो. ह्यांनी तो घेतला, कारण आकाराच्या मानानं तो स्वस्त पडत होता, आणि आम्ही कुणी मदतीला येईना म्हणून एकट्यानं संपवला. मी म्हटलं, "अहो, आता आत हलणार आहे सगळं." हे म्हणाले, "मला कधी गाडी लागली आहे का?" हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

रांग लांब होती. जावई माझा गुणी आहे, पण रांगेत उभा राहिला की त्याच्या अंगात माहिती येते. शिवाय ही राइड त्याच्या जिव्हाळ्याची. तो एमएस करायला अमेरिकेत आला त्याच वर्षी ती सुरू झाली. "आई, तुम्हाला माहितीये," त्यानं सुरुवात केली, "सिम्युलेटरचा जन्म ऑर्गनच्या कारखान्यात झाला."

मला वाटलं, उन्हानं झालं असेल. पण ते खरं निघालं. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात लिंक घराण्याचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. त्या घरातल्या एडविन लिंकला विमानाचं वेड. १९२९च्या सुमारास त्यानं ऑर्गनचे भाते आणि पंप वापरून एक छोटं लाकडी विमान बनवलं, जे जमिनीवरच डोलायचं, कलायचं, गिरक्या घ्यायचं. वैमानिक घडवायला बनवलेलं हे यंत्र सुरुवातीला विकत घेतलं ते करमणुकीच्या बागांनी. नाणं टाका, वैमानिक व्हा. पुढे १९३४मध्ये टपाल वाहून नेताना अमेरिकन लष्कराचे वैमानिक अपघातात मरू लागले, तेव्हा लष्कराला या खेळण्याची आठवण झाली. म्हणजे ज्या भात्यांवर आमच्याकडे बालगंधर्वांची पदं तरली, त्याच भात्यांच्या भाऊबंदांवर तिकडे विमानं तरली. आमच्या पदांना वन्समोअर यायचा. यांना काय यायचं ते आता सांगायला नको.

"आणि फसवतात कसं ते ऐका," जावई रंगात आला. "गाडी पुढे जात नाही. ती नुसती मागे कलते. तुमचं वजन पाठीवर येतं, समोर पडद्यावर रस्ता धावतो, मेंदू म्हणतो, बाप रे, काय वेग! मग गाडी तुम्हाला कळणार नाही इतक्या हळूहळू परत सरळ होते."

"कशाला?"

"पुढच्या वेळी फसवायला."

ह्यांनी मान डोलावली. "आपला बिल्डर असाच होता."

पुढची अर्धी रांग 'स्टार टूर्स'वर गेली. हीसुद्धा सिम्युलेटर राइडच, पण समोरच्या घराण्याची, म्हणजे डिस्नेची. अनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये जानेवारी १९८७ला सुरू झाली. विमान कंपन्यांच्या वैमानिकांना शिकवणारी यंत्रं बनवणाऱ्या रेडिफ्यूजन नावाच्या इंग्रजी कंपनीकडून यंत्रं आणली आणि एकेका डब्यात चाळीस माणसं बसवून त्यांना 'स्टार वॉर्स'च्या विश्वात धाडलं. गोष्ट अशी, की वैमानिक रेक्स नावाचा रोबो, आणि त्याचं ते पहिलंच उड्डाण. निघताना तो चुकीच्या दारात शिरतो, पुढे धूमकेतूत घुसतो, मग युद्धात सापडतो. सिनेमा एकच असल्यामुळे हे रोज, दर खेपेला, २०१०पर्यंत चाललं. तेवीस वर्षं हा प्राणी पहिल्याच दिवसाच्या ड्यूटीवर! आमच्याकडे शिक्षणसेवकालासुद्धा तीन वर्षांनी कायम करतात. २०११मध्ये राइडचं नवं रूप आलं, ज्यात प्रसंगांची उलटापालट करून ५४ प्रकारचे प्रवास होऊ शकत. पण रेक्सला त्यातून काढलं. नंतर २०१९मध्ये त्याला त्याच बागेतल्या नव्या गुत्त्यात गाणी लावायला बसवलं. गाडी चालवता येत नाही म्हणून खात्यांतर्गत बदली. एवढं सहृदय व्यवस्थापन मी तरी पाहिलेलं नाही.

एक मात्र माझ्या लक्षात आलं. या सिम्युलेटरांच्या जगात कुठलीही गाडी सुखरूप जात नाही. चोर गाडी पळवतो, ब्रेक निकामी होतात, रूळ तुटतात. फ्लोरिडाच्या एपकॉटमध्ये 'बॉडी वॉर्स' नावाची राइड होती. त्यात माणसांना बारीक करून दुसऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत सोडत. फुप्फुस, हृदय, मेंदू अशी सहल. सिनेमा दिग्दर्शित केला होता 'स्टार ट्रेक'मधल्या स्पॉकनं, म्हणजे लेनर्ड निमॉय यांनी. १९८९ ते २००७ ती चालली आणि पोटात ढवळून आणण्याबद्दल तिचा मोठा लौकिक होता. बंद पडल्यावर त्या इमारतीचं काय केलं असेल? तिथे कित्येक वर्षं बागेच्या खाद्य आणि वाइन महोत्सवाचं केंद्र भरवलं. वास्तुशांत केली होती की नाही, ते जावयालाही सांगता आलं नाही.

रांगेत मधून मधून पडदे लावले होते. त्यातल्या एकावर मला भाऊजी भेटले. म्हणजे त्यांच्या 'बॅक टू द फ्यूचर'मधला शास्त्रज्ञ डॉक ब्राउन भेटला, कार्टून होऊन. सिम्प्सन्समधला एक वेंधळा प्रोफेसर, फ्रिंक, काळात मागे जातो, डॉकची जुनी संस्था वाचवायला. आणि येताना आपल्या गाडीनं नेमकं त्याच बँकवाल्याला उडवतो, जो डॉकला कर्ज देणार असतो. झालं, संस्था बुडाली आणि जागा विदूषकाच्या घशात गेली. आवाजही खऱ्या डॉकचा, क्रिस्टोफर लॉइडचाच. जुन्याला पाडून वर त्यालाच बोलावून पाडकामाची गोष्ट सांगायला लावली! ह्यांना हे फार आवडलं. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात कुणाला सुचलं नव्हतं.

एवढ्यात नातू म्हणाला, "आजी, आता ही राइड पण जाणार."

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"सगळे म्हणजे कोण?"

"म्हणजे सगळेच."

रांगेतल्या प्रत्येक पोराकडे वेगळी खबर होती. एकाच्या मते हिच्या जागी पोकेमॉन येणार, दुसऱ्याच्या मते भलतंच काही, तिसऱ्याला तारीखसुद्धा ठाऊक होती. खात्री फक्त खबर देणाऱ्यांनाच होती. पण कारण मात्र जावयानं सांगितलं, ते खरंच मजेशीर होतं. हे सिम्प्सन्स कुटुंब होतं फॉक्सचं. २०१९मध्ये डिस्नेनं ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्स विकत घेतली. म्हणजे आता युनिव्हर्सलच्या अंगणात, युनिव्हर्सलच्या छताखाली, शत्रुपक्षाचं कुटुंब नांदतंय.

हे एकदम सावध झाले. सेक्रेटरी जागा झाला. "म्हणजे जागा एकाची आणि राहणारे दुसऱ्याचे. पागडी आहे का?"

"नाही बाबा, लायसन्स असतं."

"लीव्ह अँड लायसन्स? अकरा महिन्यांचं?"

"तसं नाही..."

"पोलीस व्हेरिफिकेशन केलंय का विचार."

इकडे जावयाचा चेहरा उतरला होता. "कशी काढतील, आई? आमच्या वेळची राइड आहे ही. ऐंशी फुटांचा घुमट, सोनीचे ४के प्रोजेक्टर... २००८ साली म्हणजे काय चैन होती!" आता ४के टीव्ही आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनीही हप्त्यावर घेतलाय, पण मी ते बोलले नाही. नवं म्हणून आणलेल्या प्रत्येक पडद्याचं पुढे हेच होतं; बाहेरचा पडदा जुना होईपर्यंत घरचा मोठा झालेला असतो. सिनेमा पुन्हा करायचा तर खर्च डोंगराएवढा, आणि गाडीच्या हालचाली जुन्या सिनेमाबरहुकूम बांधलेल्या. नुसतं चित्र बदललं तर काय होतं, ते मी मॉलमध्ये भोगलेलं आहेच.

"तुम्हाला फार आवडली होती का ही?" मी जावयाला विचारलं.

"छे! पहिल्यांदा बसलो तेव्हा डोकं इतकं गरगरलं की संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा पोटात राहिना. आमचा एक रूममेट तर अजून नाव काढलं की हात जोडतो." तो क्षणभर थांबला. "पण म्हणून काढायची?"

तेवढ्यात लेकीनं ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. भाऊजींना बातमी सांगितली, की तुमच्या डेलोरियनला उठवणाराही उठायच्या वाटेवर आहे म्हणे. झोपेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पाहिलेलं नाही. "आमची काढताना कुणाला वाईट वाटलं होतं का?" ते म्हणाले, "भोगा म्हणावं आता." मागून धाकट्या जाऊचा आवाज आला, "शर्टाचं विचारा त्यांना." फोन बंद झाला.

नातवाला यातलं कशाचंच सोयरसुतक नव्हतं. त्याचं मन खालच्या भागातल्या व्हिडिओ गेमवाल्या मारिओत अडकलं होतं. त्या मारिओचं सुपर निंटेंडो वर्ल्ड इथे २०२३मध्ये उघडलं. तिथे म्हणे डोक्याला पट्टी बांधून त्यावर एक भिंगांचा चष्मा चढवतात आणि खऱ्या भिंतींवर खोटी कासवं दिसतात. माझ्या नाकावर आधीच एक चष्मा आहे, त्यात लांबचं वर आणि जवळचं खाली. त्यावर हा दुसरा चढला की कासव मला नेमकं कुठल्या अंतरावर दिसावं हे कोण ठरवणार? पण नातू आठ वर्षांचा आहे. आणखी पंचवीस वर्षांनी तोही कुठल्यातरी रांगेत उभा राहून आपल्या पोराला सांगेल, की खरी मजा आमच्या चष्म्यात होती.

अखेर नंबर लागला. आठ जणांची गाडी, दोन ओळी. आडवा दांडा मांडीवर आला. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात लिंबू. डॉक्टरांचे शब्द आठवले: डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळत नाही. मी विचार केला, दोनातला एक साक्षीदार फितूर करावा. कान मिटता येत नाहीत. मी डोळे मिटून घेतले आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत.

त्यामुळे आत काय झालं ते मी ऐकीव सांगते आहे. "अगं बघ, बघ, रूळ तुटला!" हे ओरडत होते. नंतर, "अगं ती बाळी बघ केवढी!" मग त्यांचं ओरडणं बारीक होत गेलं, आणि मग अजिबात थांबलं. मध्येच बाळाच्या पावडरीचा वास आला. क्षणभर वाटलं, मी बेशुद्ध पडून बाळंतिणीच्या खोलीत निघाले. नंतर कळलं, राक्षसाएवढी झालेली सिम्प्सन्सची धाकटी मुलगी गाडी तोंडात घालते, त्या वेळचा तो खास वास असतो.

पण डोळे मिटल्यावर या राइडचं उरतं काय, हे शोधून काढणारी मी बहुधा पहिलीच. ऐका. अंधार उरतो. गारेगार हवा उरते. सकाळपासून सोळा हजार पावलं चाललेल्या गुडघ्यांखाली चांगली जाड गादी उरते. आणि ती गादी अधूनमधून डुलते, कलते, परत सरळ होते. गोंगाट आहे, पण आमच्या नाक्यावर गणपतीत याहून जास्त असतो. चार-साडेचार मिनिटांत मला खरोखर डुलकी लागली. मांडीवरचा दांडा सुटला तेव्हा लेक म्हणाली, "आई, संपलं." मी म्हटलं, "इतक्यात?"

ह्यांना मात्र दोन्ही बाजूंनी धरून बाहेर आणावं लागलं. तो ताटाएवढा डोनट आतल्या आत आपली स्वतंत्र राइड करत होता. बाकावर बसल्यावर हे बराच वेळ एका झाडाकडे बघत राहिले, कारण ते हलत नव्हतं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्याकडे आलेपाक आहे का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या पर्सचा असा गौरव पूर्वी झाला नव्हता.

संध्याकाळी, ह्यांना रंग आल्यावर, या जागेवर पुढे काय आणावं यावर घरात चर्चा झाली. जावयाचं म्हणणं, आहे ती ठेवा, फक्त चित्र नवं करा. भाऊजींनी पहाटे उठून निरोप धाडला, की डेलोरियन परत आणा, आता २०५५ दाखवा. नातवाला तिथे उभा रोलर कोस्टर हवा. लेक म्हणाली, काहीही आणा, पण रांग कमी करा. ह्यांनी, जागेचे कागदपत्र आधी बघावे लागतील, असं सांगून मत राखून ठेवलं.

माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून इथे देते. जे कुणी ही राइड काढणार असतील आणि तिच्या जागी नवं काही उभारणार असतील, त्यांना आम्हा आज्यांची एक विनंती आहे. विदूषक काढा, घुमट काढा, कुणाचं लायसन्स संपलं असेल तर तेही काढा. फक्त खुर्च्या काढू नका. दिवसभर उन्हात उभं राहिल्यावर या सबंध डोंगरावर गारव्यात, अंधारात, गादीवर बसायला मिळतं ते इथेच. जमलं तर गादी आणखी जरा जाड करा आणि साडेचारांची वीस मिनिटं करा. पडद्यावर काय दाखवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आमची कशालाच हरकत नाही. आम्ही डोळे मिटूनच बसणार आहोत.